‘दिसली तेवढी गाठ काढली’, मग पुढे काय?

वाचकांचे प्रश्न : ग्लायोब्लास्टोमा

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे. मेंदूची गाठ ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा वेगाने वाढणारा कर्करोग) निघाली. सर्जन म्हणाले, दिसली तेवढी सगळी काढली. मग आता सहा आठवडे शेक (रेडिएशन) कशासाठी? द्राक्षबागेची छाटणी तोंडावर आली आहे, दीड-दोन महिने थांबलं तर चालेल का? (निफाड)

थांबू नका. छाटणी भावकीवर सोपवा.

सर्जननी सांगितलं ते खरंच आहे, पण एमआरआयमध्ये उजळून दिसते ती गाठ म्हणजे या आजाराचा फक्त दाट भाग. त्याच्या पेशी सुट्या होऊन मेंदूतल्या पांढऱ्या तंतूंच्या कडेकडेने पुढे सरकतात आणि निरोगी पेशींमध्ये मिसळून राहतात. तिथे ना कडा सापडते, ना सुरीने कापायला वेगळं काही उरतं. बाल्टिमोरचे मेंदूचे सर्जन वॉल्टर डँडी यांनी १९२८ मध्ये अशा रुग्णांच्या मेंदूचा अख्खा उजवा अर्धगोल काढल्याचं प्रसिद्ध केलं. तरीही आजार हटला नाही. आज बहुतेक वेळा गाठ परत येते ती जुन्या जागेच्या दोन सेंटिमीटरच्या आतच. म्हणून शेक देताना चांगल्या दिसणाऱ्या भागाचीही साधारण दीड-दोन सेंटिमीटरची पट्टी धरतात. एकूण ६० ग्रे (ग्रे हे शेकाच्या मात्रेचं माप), ३० बैठकांत, सोमवार ते शुक्रवार. ऑपरेशननंतर जखम भरली की तीन ते सहा आठवड्यांत सुरुवात व्हायला हवी.

म्हणजे ऑपरेशन वाया गेलं असं नाही. जितकी जास्त गाठ निघते तितका दाब कमी होतो आणि पुढच्या उपचाराला वाव मिळतो. काही ठिकाणी रुग्णाला भुलीच्या सुमारे तीन तास आधी फाइव्ह-एएलए हे औषध पाजतात (वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅम). निळ्या प्रकाशात गाठ गुलाबी-लाल चमकते. त्या रुग्णाला नंतर २४ तास ऊन आणि प्रखर दिव्यांपासून जपावं लागतं. बोलण्याच्या केंद्राजवळ गाठ असेल तर रुग्णाला जागं ठेवून, बोलतं ठेवून काढतात. वाचा घालवून शेवटचा तुकडा काढणाऱ्या सर्जनपेक्षा तो सोडून देणारा सर्जन आम्हाला शहाणा वाटतो.

एक गोष्ट आजच तपासा : ऑपरेशननंतर ७२ तासांच्या आत एमआरआय झाला होता का? उशिरा केला तर जखमेची सूजही उजळते आणि गाठ किती उरली हे कळत नाही.

प्रश्न : रिपोर्टनंतर आयडीएच आणि एमजीएमटी या तपासण्यांचे वेगळे पैसे सांगितले आहेत. करायच्या का? (नाशिक रोड)

करा. दोन्ही गाठीच्या पेशींतल्या जनुकांच्या तपासण्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार आयडीएच जनुकात बदल असलेल्या गाठीला ग्लायोब्लास्टोमा म्हणतच नाहीत. ती तुलनेने सावकाश वाढते आणि उपचाराचा आराखडाही बदलू शकतो. एमजीएमटी ‘मिथायलेटेड’ (म्हणजे ते जनुक बंद पडलेलं) असेल तर टेमोझोलोमाइड या केमोच्या कॅप्सूलचा फायदा जास्त. सत्तरीच्या पुढच्या किंवा थकलेल्या रुग्णात हे फार कामाचं, कारण तिथे ४० ग्रे १५ बैठकांत देऊन शेक आटोपता येतो आणि ही कॅप्सूल द्यायची का हे या रिपोर्टवर तोलता येतं. परळच्या टाटा रुग्णालयात दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता कागद नको. लॅबकडून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉकही (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या. शेक मात्र नाशिकमध्येच घेता येतो. रोज कसारा घाट उतरण्याची गरज नाही.

प्रश्न : आईला टेमोझोलोमाइड १२० मिलिग्रॅम सुरू आहे. काल कॅप्सूल उलटून पडली. पुन्हा द्यायची का? शनिवार-रविवारी शेक बंद असतो, तेव्हा कॅप्सूलही बंद ना? (सिडको)

उलटून पडली तरी त्या दिवशी पुन्हा देऊ नका. आणि शनिवार-रविवारी बंद नाही! शेक आठवड्याचे पाच दिवस, कॅप्सूल सातही दिवस. सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो.

डोस अंगाच्या क्षेत्रफळावर ठरतो : शेकाबरोबर चौरस मीटरमागे ७५ मिलिग्रॅम. १.६ चौरस मीटरला १२०, म्हणजे १०० ची एक आणि २० ची एक. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, शेकाच्या साधारण तासभर आधी; कॅप्सूलच्या अर्धा तास आधी उलटी रोखणारं ऑनडॅन्सेट्रॉन. कॅप्सूल फोडून चहात किंवा मधात कालवू नये, त्यातली पूड त्वचेला आणि श्वासाला घातक असते.

शेक संपला की चार आठवडे सुट्टी. मग २८ दिवसांच्या चक्रात फक्त पहिले पाच दिवस : पहिल्या चक्रात १५०, सोसलं तर पुढे २०० च्या हिशेबाने. आईंसाठी २४० आणि मग ३२०. अशी सहा चक्रं. जुन्या सवयीने हा मोठा डोस रोज चालू राहिला तर रक्तपेशी कोसळतात. म्हणून कॅलेंडरवर पाच दिवसांना गोल करा, उरलेल्या कॅप्सूल कुलपात ठेवा. शेक चालू असताना दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). प्लेटलेट एक लाखाखाली किंवा न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १५०० च्या खाली गेले तर पुढची कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच. ताप १००.४ ला पोहोचला तर रात्र काढू नका.

फायदा किती, हेही सांगायला हवं. २००५ च्या मोठ्या चाचणीत नुसत्या शेकावर मध्यम आयुर्मान (अर्धे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १२.१ महिने होतं, कॅप्सूल जोडल्यावर १४.६. दोन वर्षांनी हयात असलेले मात्र १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले.

प्रश्न : शेक संपून महिना झाला, एमआरआयमध्ये गाठ वाढलेली दिसते. उपचार फसले का? झटका (फिट) आला तर कांदा हुंगवायचा का? (सिन्नर)

लगेच तसं समजू नका. शेकानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मेलेल्या पेशी आणि सूज यांमुळे चित्र गाठीसारखंच उजळतं. रुग्ण ठीक असेल तर कॅप्सूल चालू ठेवून, पर्फ्यूजनसह (गाठीतला रक्तप्रवाह दाखवणारा) एमआरआय सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा करतात. अशक्तपणा वाढला, बोलणं अडखळू लागलं, तर गोष्ट वेगळी.

सूज उतरवायला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात. ते सकाळी-दुपारी, खाऊन घ्यावं. रात्री घेतलं तर झोप उडते. साखर वाढते, ती तपासत राहा. बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका. डॉक्टर सांगतील तसं टप्प्याटप्प्यानेच उतरवायचं.

कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा तर मुळीच नको. कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा शुद्धीवर न येता लगेच दुसरा झटका आला, तर १०८ ला फोन करा. झटका येऊन गेलेल्या माणसाने डॉक्टर परवानगी देईपर्यंत ट्रॅक्टर आणि दुचाकी चालवू नये, विहिरीच्या काठावर एकट्याने जाऊ नये.