पडद्यावरचे अंतराळ आणि चाचणीकक्षातले अंतराळ

(उपग्रहांच्या उष्णता-नियंत्रणाचे काम दीर्घकाळ केलेले एक निवृत्त अंतराळ अभियंते या वेळी वाचकांच्या निवडक प्रश्नांना उत्तरे देत आहेत.)

प्रश्न : अंतराळावरचे चित्रपट पाहताना आपल्याला सर्वांत जास्त काय खटकते? निर्वात पोकळीत होणारे स्फोटांचे आवाज का? — एक वाचक, सांगली

आवाज मी केव्हाच माफ केले आहेत. पोकळीत पार्श्वसंगीतही वाजत नसते, पण त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. मला खटकतात त्या कक्षा. २०१३ सालच्या ‘ग्रॅव्हिटी’ या चित्रपटात हबल दुर्बिणीची दुरुस्ती करणाऱ्या अंतराळवीरांचे यान अपघातात निकामी होते आणि ते पाठीवर बांधलेल्या झोतयंत्राच्या जोरावर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघतात. स्थानक दूर क्षितिजाजवळ चमकताना दिसते, म्हणजे तिथवर पोहोचता येईल, असा प्रेक्षकाचा समज होतो. प्रत्यक्षात हबलची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंशांचा कोन करते, तर स्थानकाची ५१.६ अंशांचा. उंचीतला शंभर-दीडशे किलोमीटरांचा फरक त्यामानाने किरकोळ आहे. खरी अडचण दिशेची आहे. सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावणाऱ्या वस्तूची दिशा किमान २३ अंशांनी वळवायची, तर सेकंदाला सुमारे ३ किलोमीटर इतका वेग नव्याने द्यावा लागतो. १९८४ साली स्पेस शटल या यानातून वापरल्या गेलेल्या पाठीवरच्या यंत्राची एकूण क्षमता सेकंदाला पंचवीस मीटरांच्या आसपास होती.

आपण म्हणाल, करमणुकीच्या चित्रपटात इतके कशाला पाहायचे? पाहायचे अशासाठी की, या २३ अंशांनी खऱ्या मोहिमांचे भवितव्य ठरवले आहे. २००३ साली कोलंबिया यान परतताना नष्ट झाले. तेही वेगळ्याच कोनात कललेल्या कक्षेत होते, त्यामुळे त्याला स्थानकाचा आसरा घेणे शक्यच नव्हते. त्यानंतर हबलच्या दुरुस्तीची शेवटची मोहीम रद्द करण्यात आली, कारण तिकडे काही बिघडले तर अंतराळवीरांनी जायचे कुठे, या प्रश्नाला उत्तर नव्हते. पुढे निर्णय फिरला आणि मे २००९ मध्ये ती मोहीम झाली, तेव्हा एका मंचावरून अटलांटिस निघाले आणि शेजारच्या मंचावर एन्डेव्हर हे दुसरे शटल केवळ सुटकेसाठी सज्ज ठेवण्यात आले. माझ्या मते चित्रपटातल्या उड्यांपेक्षा, कधीही न उडालेल्या त्या सुटकेच्या मोहिमेची गोष्ट अधिक थरारक आहे.

प्रश्न : अंतराळात कमालीची थंडी असते, असे कथा-कादंबऱ्यांत वाचतो. मग अंतराळयाने गोठून कशी जात नाहीत? — एक वाचक, धुळे

हा माझ्या कामाचाच विषय असल्यामुळे उत्तर थोडे लांबेल. यानाचा सावलीतला भाग खरोखरच फार थंड होतो आणि तिथे आम्ही हीटर लावतो. पण सगळ्या यानाचा विचार केला, तर अनेकदा अडचण उलटी असते. थर्मासमध्ये चहा गरम राहतो तो भिंतींमधल्या पोकळीमुळे, आणि यान तर चहूबाजूंनी पोकळीतच असते. आतली उपकरणे सतत उष्णता निर्माण करतात, ती वाहून न्यायला बाहेर हवा नसते, त्यामुळे ती केवळ प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, बाहेर टाकता येते. अंतराळ स्थानकाच्या छायाचित्रांत सौर पंखांबरोबर पांढऱ्या घड्यांचे मोठे पडदे दिसतात. त्यांत अमोनिया खेळवून आतली उष्णता बाहेर फेकली जाते.

१९६८ सालच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटाची तांत्रिक काळजीबद्दल वाखाणणी होते, ती रास्तच आहे. तरी त्यातल्या अणुशक्तीवर चालणाऱ्या ‘डिस्कव्हरी’ यानाला उष्णता बाहेर टाकणारे हे पडदे नाहीत. ते ठेवले असते तर प्रेक्षकांना पंख वाटले असते, म्हणून ते काढून टाकण्यात आले. आर्थर क्लार्क यांच्या कादंबरीत मात्र ते आहेत. कादंबरी आणि चित्रपट यांतला हा फरक कोणत्याही समीक्षेपेक्षा मला अधिक बोलका वाटतो.

उपग्रहाभोवती जे सोनेरी आवरण दिसते, ते सोने आहे का, असेही नेहमी विचारले जाते. ती पिवळसर रंगाची प्लॅस्टिकची अतिशय पातळ फिल्म असते आणि तिच्या मागच्या बाजूला ॲल्युमिनियमचा मुलामा असतो. असे अनेक थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये तलम जाळी घालतात आणि उड्डाणाच्या वेळी आत अडकलेली हवा निघून जावी म्हणून बारीक छिद्रे ठेवतात. हातमोजे घालून, कोपऱ्या-कोपऱ्यांवर हे पांघरूण बसवणे हे शिलाईकामच असते, आणि उष्णता गळते तीही नेमकी शिवणीतून आणि कोपऱ्यांतून. मग संपूर्ण उपग्रह निर्वात कोठीत ठेवून, तिच्या भिंती द्रवरूप नायट्रोजनने थंड करून, आलटून पालटून तापवत आणि गारठवत दिवसेंदिवस तपासतात. आम्ही त्याला ‘थर्मोव्हॅक’ म्हणतो. रात्रपाळीला बसून तापमानाचे आकडे वाचत राहण्याचे हे काम पडद्यावर कोणी दाखवेल, अशी माझी अपेक्षा नाही.

प्रश्न : अंतराळ-पोशाख फाटला तर माणूस फुटतो का? — एक विद्यार्थिनी, फोंडा

नाही. १९६६ साली ह्यूस्टनच्या निर्वात कोठीत चाचणी देणाऱ्या एका तंत्रज्ञाच्या पोशाखाची नळी निसटली. तो सुमारे १४ सेकंदांत बेशुद्ध पडला, कोठीत तातडीने हवा सोडण्यात आली आणि तो वाचला. शुद्ध हरपण्यापूर्वी जिभेवरची लाळ उकळत असल्याचे जाणवले, ही त्याची शेवटची आठवण होती.

प्रश्न : विज्ञानकथांमुळे अंतराळयुग आले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही का? — एक वाचक, पुणे

थोडे आहे, पण फार नाही. ज्यूल व्हर्न यांनी १८६५ साली आपल्या तीन नायकांना ९०० फूट लांबीच्या तोफेतून चंद्राकडे धाडले. तेवढ्या लांबीत सेकंदाला अकरा किलोमीटर वेग गाठायचा, तर आतल्या माणसांवर गुरुत्वाच्या बावीस हजार पटींहून अधिक जोर पडेल, म्हणजे प्रवास सुरू होण्यापूर्वीच संपेल. ही कादंबरी लहानपणी झपाटल्यासारखी वाचणाऱ्या, अग्निबाणशास्त्राचे एक प्रवर्तक मानल्या जाणाऱ्या हेर्मान ओबेर्थ यांनी असाच हिशेब मांडला, तोफ बाद ठरवली आणि ते अग्निबाणाकडे वळले. चुकीच्या तोफेने योग्य माणसाला कामाला लावले, असे म्हणता येईल. पुढे १९२९ साली फ्रित्स लांग यांच्या ‘फ्राउ इम मोंड’ या मूकपटाचे ते तांत्रिक सल्लागार झाले. उड्डाणापूर्वीची उलटी मोजणी उत्कंठा वाढवण्यासाठी याच चित्रपटात वापरली गेली आणि आज ती प्रत्येक प्रक्षेपण केंद्रावर ऐकू येते.

क्लार्क यांचे उदाहरण निराळे आहे. त्यांनी १९४५ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात कथा लिहिली नाही, सरळ तांत्रिक लेखच लिहिला, आणि सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून तीन स्थानके जगभर संदेश पोहोचवू शकतील, असे त्यात मांडले. तिथे माणसे राहतील, ही त्यांची कल्पना मात्र खरी ठरली नाही. तीसच वर्षांनी, १९७५-७६ मध्ये, भारतातल्या २,४०० खेड्यांत उपग्रहावरून दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला, तेव्हा आपल्या अभियंत्यांनी कोलंबोतल्या क्लार्क यांच्या घरीही त्याची अँटेना बसवून दिली.

प्रश्न : मराठी विज्ञानकथेकडे एक अभियंता म्हणून आपण कसे पाहता? — एक वाचक, बडोदा

आमच्या पिढीच्या अनेकांप्रमाणे मीही जयंत नारळीकरांच्या कथांवर वाढलो. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून, कथा पाठवली होती, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीच्या वाटेवर आलेला धूमकेतू हटवण्याचा विचार संयमाने केलेला आहे. याउलट १९९८ सालच्या ‘आर्मागेडन’मध्ये अठरा दिवस आधी धावपळ करून अख्खा लघुग्रह फोडतात. वास्तविक दहा वर्षे आधी सेकंदाला केवळ दोन सेंटिमीटरांचा धक्का दिला, तरी ढोबळ हिशेबाने सहा हजार किलोमीटरांहून अधिक फरक पडतो, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येइतका. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘डार्ट’ यानाने डिमॉर्फोस या छोट्या लघुग्रहाला धडक देऊन त्याचा, मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीचा, परिभ्रमणकाळ अर्ध्या तासाहून अधिक घटवला, तेव्हा हा मार्ग प्रत्यक्षात आजमावला गेला.

माझी एक तक्रार मात्र आहे. आपल्या विज्ञानकथेत शोध लावणारे शास्त्रज्ञ पुष्कळ भेटतात, पण यंत्र सांभाळत वाट पाहणारे लोक फार कमी. वानगीदाखल मंगळयान घ्या. त्याच्यावरच्या २०१९ सालच्या हिंदी चित्रपटात इंधनबचतीची कल्पना पुऱ्या तळताना सुचते, आणि त्याला माझी हरकत नाही. पीएसएलव्ही हा अग्निबाण त्या यानाला थेट मंगळाकडे धाडण्याइतका शक्तिशाली नव्हता, म्हणून यान दरवेळी पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सर्वाधिक वेगात असताना इंजिन चालवून कक्षा ताणत नेण्यात आली. त्या वेळी जळलेल्या इंधनाचे सर्वाधिक चीज होते, आणि या तत्त्वाला ओबेर्थ यांचेच नाव आहे. पण खरे नाट्य नंतरचे आहे. १ डिसेंबर २०१३ रोजी पृथ्वीचा निरोप घेतल्यावर ते मुख्य इंजिन जवळजवळ दहा महिने बंद होते. २२ सप्टेंबर २०१४ रोजी ते केवळ चार सेकंद चालवून पाहिले. ते पेटले नसते, तर आठ छोट्या इंजिनांवर भागवण्याची पर्यायी योजना तयार होती. २४ तारखेच्या सकाळी ते सुमारे चोवीस मिनिटे चालायचे होते. त्यांतला काही काळ यान मंगळाच्या आड जाणार होते, आणि संदेश यायला बारा मिनिटे लागत असल्यामुळे बेंगळुरूहून ऐनवेळी काहीही दुरुस्त करता येणार नव्हते. सगळ्या आज्ञा आधीच पाठवून झालेल्या होत्या. त्या चोवीस मिनिटांवर कोणी मराठीत दीर्घकथा लिहिली, तर मी ती विकत घेऊन वाचेन, आणि वाचताना पेन्सिल घेऊन तिच्यातली गणितेही तपासेन.