वाचकांचे प्रश्न : वाय-फाय सुरू होताच रीसेट होणारा बोर्ड

प्रश्न : सिंहगड रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा पंप रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) चालू-बंद करण्यासाठी मी ईएसपी३२ या वाय-फाय असलेल्या मायक्रोकंट्रोलर मॉड्यूलवर आधारित बोर्ड स्वतः आखून बनवून घेतला. पाच व्होल्टचा मोबाइल चार्जर, १०० मिलिअँपिअरचा पॉलिफ्यूज (थंड झाल्यावर आपोआप पुन्हा जोडणारा फ्यूज), शॉट्की डायोड आणि व्होल्टेज ३.३ वर आणणारा एएमएस१११७ रेग्युलेटर असा पुरवठ्याचा क्रम आहे. वाय-फाय सुरू झाले की बोर्ड रीसेट होतो आणि सीरियल मॉनिटरवर ब्राउनआउटचा, म्हणजे पुरवठ्याचे व्होल्टेज घसरल्याचा, संदेश येतो. मल्टिमीटर मात्र ३.२८ व्होल्ट स्थिर दाखवतो. सरासरी करंट ८० मिलिअँपिअर असल्याने फ्यूज पुरेसा आहे आणि तो कधी ट्रिपही झालेला नाही. रेग्युलेटरच्या आधी १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर आहे. तेथे ४७० मायक्रोफॅरॅडचा जोडल्यावर रीसेट कमी झाले, पण थांबले नाहीत. प्रोग्रॅममधून ब्राउनआउट डिटेक्टर बंद केला तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : डिटेक्टर बंद करू नये. ईएसपी३२ मधील हा डिटेक्टर मूळ सेटिंगमध्ये साधारण २.४ व्होल्टच्या आसपास कार्य करतो, म्हणजे आपल्या बोर्डावरील ३.३ व्होल्टचा पुरवठा क्षणभर का होईना, जवळजवळ ०.९ व्होल्टने खाली येत आहे. एवढ्या कमी व्होल्टेजवर प्रोसेसर चालू राहिला आणि नेमके त्याच वेळी फ्लॅश मेमरीत काही लिहिले जात असेल, तर आजचा रीसेट उद्या बिघडलेल्या प्रोग्रॅमच्या रूपाने समोर येईल.

मल्टिमीटर खोटे बोलत नाही. तो थोड्या वेळाची सरासरी सांगतो. वाय-फायचे प्रक्षेपण एखाद्या मिलिसेकंदाच्या हिशेबात चालते आणि तेवढ्या वेळापुरता मॉड्यूलचा करंट २४० मिलिअँपिअरपर्यंत जातो. म्हणूनच उत्पादक किमान ५०० मिलिअँपिअर देऊ शकणारा पुरवठा सुचवतो. आपण फ्यूज निवडताना सरासरी पाहिली, येथेच घोटाळा झाला असावा. पॉलिफ्यूज ट्रिप होण्यासाठी तापावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, त्यामुळे क्षणिक झटक्याला तो ट्रिप होत नाही, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. परंतु ट्रिप न होताही तो मालिकेत बसवलेला एक रेझिस्टरच असतो, आणि १०० मिलिअँपिअर श्रेणीच्या छोट्या पॉलिफ्यूजचा रोध काही ओहम असू शकतो. सोल्डर करताना तापल्यावर तो रोध आणखी वाढतो आणि पूर्णपणे मूळपदावर येत नाही, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही.

आता झटक्याच्या क्षणाचा हिशेब मांडू. मॉड्यूल आणि इतर भाग मिळून ०.३ अँपिअर आणि फ्यूजचा रोध ४ ओहम धरला, तर फ्यूजवरच १.२ व्होल्ट खर्च होतात. केबलमध्ये ०.१ आणि डायोडमध्ये साधारण ०.३५ व्होल्ट गेल्यावर रेग्युलेटरच्या तोंडाशी ३.३५ व्होल्ट उरतात. एएमएस१११७ ला स्वतःसाठी जवळपास १.१ व्होल्ट लागतात, त्यामुळे बाहेर २.२५ व्होल्टच मिळतील, आणि ही पातळी डिटेक्टरच्या उंबरठ्याखालची आहे. कपॅसिटरबद्दलचा आपला अनुभवही याच्याशी जुळतो: ०.३ अँपिअरला १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर सुमारे ३३ मायक्रोसेकंदांत एक व्होल्ट गमावतो, तर ४७० चा साधारण दीड मिलिसेकंद तग धरतो. त्यामुळे लहान प्रक्षेपणे निभावतात आणि लांबलेली किंवा लागोपाठ येणारी अडकतात.

खात्री करण्यासाठी ऑसिलोस्कोपच हवा असे नाही. प्रथम पंपाचा २३० व्होल्टचा पुरवठा रिलेपासून पूर्ण सोडवावा. मग बोर्ड चालू ठेवून मल्टिमीटरची दोन्ही टोके फ्यूजच्या दोन बाजूंना लावावीत. ८० मिलिअँपिअरला तेथे ०.३२ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला, तर रोध ४ ओहम आहे हे त्याच मल्टिमीटरने सिद्ध होईल. आकडा काही मिलिव्होल्टच असेल, तर माझा संशय चुकीचा समजावा आणि हीच मोजणी केबल, कनेक्टर व डायोडवर क्रमाने करावी. ऑसिलोस्कोप मिळालाच, तर ३.३ व्होल्टच्या रेषेवर ३.० व्होल्टला उतरत्या कडेचा सिंगल ट्रिगर (व्होल्टेज त्याखाली घसरताच एकदा चित्र पकडणारी सेटिंग) लावावा आणि प्रोबची ग्राउंडची वायर शक्य तितकी आखूड ठेवावी.

यानंतर करंटची मर्यादा एक अँपिअरवर ठेवलेल्या बेंच सप्लायवर (प्रयोगशाळेतील समायोज्य पुरवठ्यावर) बोर्ड चालवून, थोड्या वेळापुरती फ्यूजला समांतर जाड तार लावून पाहावे. रीसेट थांबले, तर फ्यूज बदलून ५०० किंवा ७५० मिलिअँपिअरचा घ्यावा. तपकीर गल्लीत दुकानदार फ्यूज अँपिअरवर देतो, रोध सांगत नाही. तेव्हा भाग क्रमांक विचारून डेटाशीट आधी पाहिलेले बरे. ४७० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर काढू नये, आणि पुढच्या आखणीत मॉड्यूलच्या पुरवठ्याच्या पायाजवळही एक मोठा कपॅसिटर ठेवावा.

प्रश्न : माझ्या बोर्डावर हाच रेग्युलेटर थेट १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर आहे. करंट १०० मिलिअँपिअरच, तरी हात लावता येत नाही इतका तापतो. भाग नकली असेल का?
— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : नकली नसला तरी तो तापणारच. १२ मधून ३.३ वजा जाता रेग्युलेटरवर पडणारे ८.७ व्होल्ट गुणिले ०.१ अँपिअर म्हणजे ०.८७ वॅट; बोर्डावरील तांब्याचे क्षेत्र लहान असेल तर या पॅकेजमधील चिपचे तापमान प्रतिवॅट सुमारे ९० अंशांनी चढते, म्हणजे भोवतालपेक्षा जवळजवळ ७८ अंश जास्त. एप्रिलमध्ये बंद डब्यात ४० अंश धरले, तर चिप १२५ अंशांच्या मर्यादेला भिडू लागते. आधी बक कन्व्हर्टरने (फारशी उष्णता न करता व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटने) ५ व्होल्ट करून मग हा रेग्युलेटर वापरावा. उष्णतेसाठी तांबे वाढवताना एक सांभाळावे: या भागाचा रुंद टॅब ग्राउंडला नसून आउटपुटला जोडलेला असतो, त्यामुळे तांब्याचा पट्टा ३.३ व्होल्टच्या ट्रॅकलाच जोडावा.