सॉफ्टवेअर ॲडमिन अकाउंटमध्ये चालतं, दुसऱ्या अकाउंटमधून सेव्ह करताना 'ॲक्सेस डिनाइड' येतं. काय करावं?

'बाकीच्या अकाउंटनाही ॲडमिन करून टाका' हा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. कृपया तसं करू नका. एरर जाईल, पण मग कोणाच्याही हातून चुकून उघडलेली फाइल सगळ्या कॉम्प्युटरवर काहीही करू शकेल. सॉफ्टवेअरला बहुतेक वेळा एखाद्याच फोल्डरमध्ये लिहायची परवानगी हवी असते. तो फोल्डर शोधा आणि परवानगी तेवढ्यापुरतीच द्या.

तुम्ही लिहिलंय की विंडोज आहे, जुनी नोंद दिसते, पण बदल करून सेव्ह होत नाही. यावरून माझा पहिला संशय सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रॅमडेटा फोल्डरवर आहे. (तो लपलेला असतो, फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन 'हिडन आयटम्स' चालू करा.) तिथे साध्या, म्हणजे ॲडमिन नसलेल्या, यूजरला नवी फाइल बनवता येते, पण दुसऱ्याने बनवलेली फाइल फक्त वाचता येते. म्हणजे डेटा फाइल ज्या अकाउंटमधून पहिल्यांदा तयार झाली, तिथूनच ती बदलता येते.

उपाय असा: आधी सगळ्या अकाउंटमधून साइन आउट करा. नुसतं 'स्विच यूजर' केलं तर सॉफ्टवेअर मागे चालू राहतं आणि फाइल अडकवून ठेवतं. मग ॲडमिन अकाउंटमध्ये जाऊन डेटाचा बॅकअप घ्या. प्रोग्रॅमडेटामध्ये त्या सॉफ्टवेअरच्या नावाच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट. यादीतलं 'यूजर्स' निवडून 'मॉडिफाय'ला 'अलाउ'ची खूण करा, ओके. 'फुल कंट्रोल' देऊ नका, त्याची गरज नसते. आता साध्या अकाउंटमधून एक नोंद बदलून बघा आणि ती तिसऱ्या अकाउंटमधूनही बदलता येते का तेही तपासा.

एवढ्याने नाही झालं तर अंदाजाने फोल्डर उघडत बसू नका. मायक्रोसॉफ्टचं प्रोसेस मॉनिटर हे मोफत टूल साध्या अकाउंटमध्ये, ॲडमिनचा पासवर्ड देऊन चालवा, 'रिझल्ट'वर 'ॲक्सेस डिनाइड' असा फिल्टर लावा आणि सेव्ह दाबा. त्या सॉफ्टवेअरच्या नावासमोर अडलेल्या फाइलचा पूर्ण पत्ता दिसेल. मला हे टूल फार मोलाचं वाटतं.

पत्ता प्रोग्रॅम फाइल्समधला (म्हणजे सॉफ्टवेअर इन्स्टॉल होतं त्या फोल्डरमधला) निघाला तर मात्र थांबा. त्या फोल्डरमध्ये सगळ्यांना लिहू दिलं तर कोणीही मूळ प्रोग्रॅमची फाइल बदलू शकतो, आणि उद्या ती ॲडमिनच चालवेल. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये डेटाची जागा बदलायची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर फक्त आतल्या डेटाच्या सबफोल्डरला मॉडिफाय द्या.

जुन्या 32-बिट सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक भानगड होते. 2007 मध्ये व्हिस्टा आल्यापासून विंडोज अशा सॉफ्टवेअरचं प्रोग्रॅम फाइल्समधलं लिखाण त्या-त्या यूजरच्या 'व्हर्च्युअलस्टोअर' फोल्डरकडे वळवतं. एरर येत नाही, पण एकाची नोंद दुसऱ्याला दिसत नाही. डेटा 'गायब' झाला असं वाटलं तर सी ड्राइव्हवरच्या यूजर्समध्ये त्या यूजरच्या नावाच्या फोल्डरात जा आणि तिथल्या ॲपडेटामधल्या (हाही लपलेला असतो) लोकलमध्ये हा फोल्डर आधी बघा.

आणि 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' रोजच्या कामाला नको. साध्या अकाउंटमधून ॲडमिनचा पासवर्ड टाकला की प्रोग्रॅम ॲडमिनच्या नावाने चालतो, आणि त्या यूजरच्या सेटिंग्ज ॲडमिनच्या खात्यात जमा होतात.