वाचकांचे प्रश्न : विसरायला होतंय, ताय ची करू का?

मागच्या अंकात ज्येष्ठांच्या व्यायामावर लिहिताना ताय ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामाचा उल्लेख ओझरता केला होता, तर या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं त्यावरच आलीत. सगळी छापणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : सासरे ७३ वर्षांचे आहेत. वर्षभर झालं, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, बाकी स्वतःचं सगळं स्वतः करतात. मिस्टर म्हणतात ताय चीने मेमरी परत येते. खरंय का हे?

परत येते हे जरा जास्तच झालं हो. पण अगदीच फॅड आहे असंही नाही, त्यावर बऱ्यापैकी काम झालंय. हाँगकाँगमध्ये ३८९ ज्येष्ठांना, ज्यांची मेमरी थोडी घसरलेली पण डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) नाही अशांना, एका गटाला २४ स्टेप्सची ताय ची आणि दुसऱ्याला स्ट्रेचिंग असं वर्षभर दिलं, तर डिमेन्शियाकडे सरकण्याचं प्रमाण ताय चीवाल्यांत कमी दिसलं. मग अमेरिकेत ओरेगनच्या फूझोंग ली यांच्या टीमने ३१८ जणांवर ट्रायल केली, ती २०२३ मध्ये छापून आली. त्यात तीन गट होते, साधं स्ट्रेचिंग, साधी ताय ची, आणि तिसरी अशी ताय ची की हातपाय हलवतानाच डोक्यालाही काम द्यायचं, म्हणजे स्टेप घेता घेता एखाद्या शब्दाची अक्षरं उलटी म्हणायची वगैरे. २४ आठवड्यांनंतर मेमरी आणि विचारशक्ती तपासणाऱ्या मोका नावाच्या ३० मार्कांच्या टेस्टमध्ये हा तिसरा गट स्ट्रेचिंगवाल्यांच्या सरासरी २.८ मार्क पुढे होता आणि साध्या ताय चीवाल्यांच्या १.५. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ज्या वयात मार्क खालीच जायचे त्या वयात ते वर गेले, हे मला तरी मोठं वाटतं.

पण ताई, क्लास शोधायच्या आधी सासऱ्यांना एकदा डॉक्टरांकडे न्याच. बी १२ कमी असणं, थायरॉईड, डिप्रेशन, ऐकू कमी येणं, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या, यातल्या कशानेही माणूस विसरायला लागतो आणि यातलं बरंचसं ट्रीटमेंटने सुधारतं. बी १२ कमी असताना नुसती ताय ची करत बसलात तर सहा महिने फुकट जातील आणि खापर बिचाऱ्या ताय चीवर फुटेल. आणि गोळ्यांचा आठवड्याच्या खणांचा डबा आजच आणा, त्याला कुठल्याही रिसर्चची वाट बघायला नको.

प्रश्न : मी ६८, रोज तासभर न चुकता चालतो. मग हे हळूहळू हात फिरवणं कशाला?

चालणं सोडू नका, हे आधीच सांगतो, कारण अशी पत्रं वाचून लोक एक सोडून दुसरं धरतात. पण चालताना तुमचं डोकं कुठे असतं ते आठवून बघा, कालचं भांडण नाहीतर उद्याचं बिल, पाय आपोआप चालत असतात. ताय चीत आपोआप काही होतच नाही, निदान सुरुवातीची काही वर्षं तरी नाही. वजन कुठल्या पायावर, आता कुठला हात वर, पुढची स्टेप कुठली, श्वास धरून तर ठेवला नाही ना, हे सगळं एकाच वेळी सांभाळायचं असतं. डायबेटिस आणि सोबत मेमरीची तक्रार असलेल्या ३२८ जणांची तुलना चीनमध्ये झालीये, एका गटाला भरभर चालणं, दुसऱ्याला ताय ची, तिसऱ्याला यातलं काहीच नाही, आणि ३६ आठवड्यांनी मेमरीच्या टेस्टमध्ये ताय चीवाले चालणाऱ्यांच्या थोडे पुढे निघाले. थोडेच, पण पुढे.

शिवाय बॅलन्स. पडण्याचा धोका असलेल्या ६७० ज्येष्ठांवर ली यांचीच आणखी एक ट्रायल आहे २०१८ची, त्यात ताय चीवाल्यांचं पडणं स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी होतं. या वयात पडून खुब्याचं हाड मोडलं, महिनोन्‌महिने अंथरुणात गेले की मेमरीचीही वाट लागते, त्यामुळे मी या दोन गोष्टी वेगळ्या मानतच नाही.

प्रश्न : दोन महिने क्लासला जातेय पण २४ स्टेप्सचा क्रम डोक्यात बसतच नाही. बाकीच्या बायका पुढे जातात, मी मधेच थांबून इकडेतिकडे बघत राहते. लाज वाटते. माझी मेमरीच गेलीये म्हणून असेल का? सोडून देऊ? (वय ७०)

अजिबात सोडू नका! तुम्ही मधेच थांबता, आता पुढे काय ते आठवायला बघता, चुकता, परत धरता, अहो व्यायाम तर तोच आहे. ज्या बायका न अडखळता करतात त्यांच्या पायांना फायदा होतोय, पण त्या क्षणी डोक्याला जास्त काम तुम्ही देताय. दोन महिन्यांत २४ स्टेप्स न बसणं तर तिशीतल्या माणसाचंही होतं.

आणि २४ म्हणजे काही देवाने दिलेला आकडा नाही. चीनच्या क्रीडा विभागाने १९५६ मध्ये जुना लांबलचक क्रम लोकांना झेपावा म्हणून कापून २४ वर आणला. ओरेगनवाल्यांनी तर ज्येष्ठांसाठी फक्त ८ प्रकार ठेवले. त्यामुळे तुमच्या शिक्षकांना सरळ सांगा की मला चारच द्या, पण नीट द्या. उदाहरणार्थ ढगासारखे हात फिरवायचा जो प्रकार आहे तो घ्या. पाय खांद्याएवढे लांब, गुडघे जरासे सैल, सगळं वजन हळूहळू उजव्या पायावर, इतकं की डावा पाय रिकामा वाटला पाहिजे, उजवा हात चेहऱ्यासमोरून आणि डावा पोटासमोरून जातोय, कंबर वळते म्हणून हात वळतात, हात एकटे वळत नाहीत. मग डावा पाय जमिनीला लागला की वजन तिकडे आणि हात वर-खाली बदलायचे. नेमकं तिथेच सगळे गडबडतात, कारण पाय आणि हात दोन्ही एकदम बदलायचे असतात. एवढा एकच प्रकार पंधरा दिवस केलात तरी हरकत नाही.

तो बसला, म्हणजे बोलता बोलता जमायला लागला, की मग तो मुद्दाम अवघड करा. डावीकडून सुरू करा, क्रम उलटा करा, करताना महिन्यांची नावं फाल्गुनापासून मागे म्हणा. जमून गेलेली गोष्ट वर्षानुवर्षं तशीच करत राहण्यात डोक्याला काही राहत नाही, आणि हे क्लासमध्ये सहसा कोणी सांगत नाही, तिथे सगळं लक्ष सुबक दिसण्याकडे असतं.

एक मात्र, क्लासच्या बाहेरही ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, हिशोब न जमणं, नेहमीचा स्वयंपाक करताना पुढे काय ते न सुचणं असं होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. स्टेप्स विसरण्यावरून काही ठरत नाही, यावरून ठरू शकतं.

प्रश्न : गुडघे दुखतात, चालेल का?

चालेल. कमी वाका, गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नका, पाऊल आणि गुडघा एकाच दिशेला ठेवा. उभं राहून फारच दुखलं तर खुर्चीत बसूनही करता येते. नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा चक्कर येत असेल तर आधी विचारून घ्या.

प्रश्न : आईला अल्झायमरचं निदान होऊन दोन वर्षं झाली. तिला शिकवू का?

शिकवू नका, सोबत करा. यात फरक आहे. तिच्याकडून क्रम पाठ होईल ही अपेक्षाच ठेवू नका आणि "आता पुढे काय गं?" असं तर विचारूच नका, ती घाबरेल आणि दुसऱ्या दिवशी यायची नाही. शेजारी उभे राहा, जवळ भक्कम खुर्ची किंवा भिंत असू द्या, दोनतीन सोप्या हालचाली, रोज त्याच वेळी, तिने बघून बघून केल्या तरी पुष्कळ. यामुळे आजार मागे फिरेल असं मी तुम्हाला सांगणार नाही, ते खोटं होईल. पाय मजबूत राहिले, पडणं टळलं, दिवसातली वीस मिनिटं दोघी चिडचिड न करता एकत्र होतात, तर ते करण्यासारखं आहे.

प्रश्न : आठवड्यातून किती वेळा? आणि मोबाईलवर बघून केलं तर?

दोनदा तासभर, निदान सहा महिने, एवढं ओरेगनच्या ट्रायलमध्ये होतं. तीनदा जमलं तर उत्तमच. महिनाभरात फरक शोधू नका. मोबाईलचं म्हणाल तर ती २०२३ची ट्रायल घरबसल्या व्हिडिओ कॉलवरच झाली होती, पण तिथे समोर जिवंत शिक्षक होता, तो बघून सांगायचा. रेकॉर्डेड व्हिडिओला तुमचा गुडघा आत वळलाय ते दिसत नाही. तेव्हा ऑनलाईन करायचं तर लाईव्ह क्लास घ्या, आणि कॅमेरा असा लावा की तुमची पावलं दिसतील, बहुतेक जण नुसता चेहरा दाखवत बसतात.