टॉवेलचा हिशेब तोंडी, अन् शाब्दिक उदाहरण आलं की पान कोरं

"मॅडम, पोरीला गणिताचं डोकंच नाही का, तेवढं सांगा. म्हणजे क्लासला पैसे घालायचे का नाही ते ठरवू."

सोलापूरच्या पूर्व भागातलं कुटुंब. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शाळा सेमी इंग्रजी. वडील यंत्रमागावर, आई घरी टॉवेलच्या कडा शिवते. मुलगी सातवीत. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.) पाचवीपर्यंत गणितात वरचे गुण होते, आता बैजिक राशी सुरू झाल्या आणि चाचणीत शाब्दिक उदाहरणांची जागा रिकामी. हीच तक्रार घेऊन माझ्याकडे महिन्यातून दोन-तीन पालक तरी येतात.

खरं सांगायचं तर पहिल्या भेटीत मी चुकलेच. परीक्षेची भीती असेल असं धरून चाललं होतं. दीर्घ श्वास, पाणी पिणं, सगळं सांगून झालं. पोरगी मान डोलवत बसली. तिला भीती नव्हतीच, राग आला होता.

दुसऱ्या वेळी वही मागवली. 'फाइव्ह लेस दॅन अ नंबर' यापुढे तिनं लिहिलं होतं: 5 − क्ष. (पुस्तकातल्या एक्सला मी इथे क्ष म्हणते.) लाल फुली. वहीच्या मागच्या पानावर तक्ता चिकटवलेला: मोअर म्हणजे अधिक, लेस म्हणजे वजा, टाइम्स म्हणजे गुणिले. पोरीनं तक्ता इमानदारीनं पाळला होता. फाइव्ह दिसलं, 5 लिहिलं. लेस दिसलं, वजा केलं. नंबर दिसला, क्ष. डावीकडून उजवीकडे, एकही शब्द न गाळता. असले तक्ते मला आवडत नाहीत. पोरं वाक्य वाचायचंच सोडून देतात.

"आई, हे तेलुगूत कसं म्हणाल?" मी विचारलं. आई बिचकली, मग म्हणाली, "दानि कंटे ऐदु तक्कुव." म्हणजे त्याच्यापेक्षा 5 कमी. मराठीतही तसंच, 'एका संख्येपेक्षा 5 ने कमी'. दोन्हीकडे संख्या आधी येते, कमी करायचे 5 नंतर. क्ष − 5 आपोआप उतरतं. इंग्रजीत मात्र 5 पुढे येऊन बसतात. मुलगी आईकडे बघतच राहिली. घरची बोली गणिताच्या तासाला चालते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग एक खेळ केला. क्ष बाजूला. "संख्या 20 आहे. त्याच्यापेक्षा 5 कमी?" "15." "काय केलंस?" "20 मधनं 5 काढले." तसं लिहून घेतलं, 20 वर कागदाचा कपटा ठेवला आणि कपट्यावर क्ष लिहिला. एवढंच. घरीही हेच करायला सांगितलं: आधी खरा आकडा, मग क्रिया मोठ्यानं बोलायची, शेवटी कपटा.

तिसऱ्या भेटीत मोठा घोळ निघाला. आईनं तिला विचारलं, 9 डझन आणि वर 4 नग? "112," पोरगी पापणी न लवता. मग मी म्हटलं, टॉवेलची संख्या ट, डझनांची संख्या ड, यांचं समीकरण मांड. तिनं लिहिलं: 12ट = ड. कारणही दिलं, "12 टॉवेल म्हणजे 1 डझन ना!" तिच्यासाठी ट म्हणजे टॉवेल होता, टॉवेल किती ते नव्हे. मी म्हटलं, ड ला 3 घाल. टॉवेल 36. 12 गुणिले 36 म्हणजे 3? ती हसली आणि स्वतःच खोडून ट = 12ड केलं.

आईचा चेहरा पडलेला पाहून मी सांगितलं की ही चूक मोठमोठ्यांची होते. 1981 साली अमेरिकेत जॉन क्लेमंट आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. 'विद्यार्थी प्राध्यापकांच्या 6 पट आहेत' हे समीकरणात मांडायला सांगितल्यावर अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातल्या 37 टक्के मुलांचं उत्तर चुकलं, आणि बहुतेकांनी ते असंच उलटं लिहिलं होतं.

"इंजिनियरची पोरं?" आई म्हणाली. "मग हिला उगाच बोलले की ओ मी."

क्लास लावू नका असं मी सांगितलं नाही, घाई नको इतकंच म्हटलं. आणि रोज दोनच उदाहरणं, तीही आईला तेलुगूत सांगून मगच वहीत.

परवा दोघी पुन्हा येऊन गेल्या. लेस दॅन आता चुकत नाही. कंस मात्र अजून निसटतो. 'संख्येत 3 मिळवून दुप्पट' याला ती अजूनही 2क्ष + 3 लिहिते. मी काही बोलायच्या आत आईनंच टेबलावरचा कपटा उचलला. "10 धर. 3 घाल. आता दुप्पट कर. किती?"

"26," पोरगी म्हणाली, आणि वहीतल्या 2क्ष + 3 मध्ये 10 घालून 23 च येतात हे बघून खोडरबर शोधायला लागली.