विमान डोक्यावरून गेलं, तरी बोट दिसली नाही

प्रश्न : खवळलेल्या समुद्रात बंद पडलेल्या बोटीवरून शोधविमान स्पष्ट दिसतं, पण विमानातल्यांना बोट दिसत नाही. असं का?

उत्तर : आभाळात विमान एकटंच असतं, शिवाय आवाज येतो. वरून मात्र फेसाच्या हजारो पांढऱ्या रेघा दिसतात आणि तुमची पांढरी बोट त्यांतलीच एक. वारा २५ नॉटच्या (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वर किंवा लाटा दीड मीटरहून उंच असल्या, तर लहान बोट किंवा तराफा नजरेच्या टप्प्यात येण्याची रुंदी शांत दिवसाच्या पाव धरतात. तेव्हा फेऱ्यांमधलं अंतर कमी करावं लागतं.

हिशेब करून पाहा. अर्ध्या सागरी मैलाच्या अंतराने फेऱ्या मारणारं १२० नॉट वेगाचं विमान तासाला ६० चौरस मैल पाहतं. बोट ज्या वर्तुळात कुठेही असू शकते त्याची त्रिज्या १० मैल असेल तर क्षेत्र ३१४ चौरस मैल, म्हणजे सव्वापाच तास. त्रिज्या २० झाली की एकवीस तास! आणि ती वाढतच असते. ३० नॉटच्या वाऱ्यात ड्रोग (वाहून जाणं मंदावण्यासाठी पाण्यात ओढत ठेवायची कापडी पिशवी) न सोडलेला तराफा तासाला मैलभर सहज सरकतो, तोही वाऱ्याच्या रेषेत नव्हे, डावी-उजवीकडे तिरका. प्रवाहाचा हिशेब वेगळाच. म्हणून ड्रोग लगेच सोडा आणि बोट तरंगत असेल तोवर तिला सोडू नका. उलटलेली बोटसुद्धा पोहणाऱ्याच्या डोक्यापेक्षा कितीतरी मोठी दिसते.

प्रश्न : उपग्रहाला संकटाचा संदेश पाठवणारं ४०६ मेगाहर्ट्झचं संकट-बीकन असताना फ्लेअर, म्हणजे जळून प्रखर उजेड देणारी नळकांडी, कशाला?

उत्तर : बीकन विमानाला जवळ आणतं, शेवटचं काम डोळ्यांनीच होतं. जीपीएस असलेलं बीकन जागा १०० मीटरच्या आसपास सांगतं. जीपीएस नसेल तर चूक पाचेक किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. बॅटरी किमान ४८ तास चालते, त्यामुळे वाचवण्यासाठी बंद-चालू करत बसू नका. अँटेना उभी आणि वर आकाश मोकळं हवं. केबिनमध्ये ठेवलेलं बीकन अर्धं मुकंच. नोंदणी नसली तर बोट कोणाची, किती माणसं, हे विचारण्यात वेळ जातो. फक्त १२१.५ मेगाहर्ट्झचं जुनं बीकन असेल तर ते बदला : १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह ती लहर ऐकत नाहीत. नव्या बीकनमध्ये ती जवळ आलेल्या विमानाला दिशा दाखवण्यापुरती असते.

पॅराशूट फ्लेअर ३०० मीटर वर जाऊन ४० सेकंद जळतो. ढग त्याहून खाली असले तर तो ढगातच जळून जातो, म्हणून तेव्हा वाऱ्याच्या दिशेने ४५ अंशांत तिरका सोडतात. हातातला फ्लेअर मिनिटभर टिकतो. विमान तुमच्याकडे येताना पेटवा. पुढे निघून गेल्यावर पेटवलेला फुकट जातो, आणि ही चूक नेहमीची आहे. नारिंगी धूर किमान तीन मिनिटं निघतो, पण जोराच्या वाऱ्यात पाण्यालगत आडवा होऊन विरतो.

प्रश्न : हेलिकॉप्टर आल्यावर काय करायचं?

उत्तर : शिडं उतरवा, सुट्या वस्तू बांधा, फ्लेअर पेटवणं थांबवा. वरून येणारा हुक आधी पाण्याला किंवा बोटीला टेकू द्या, त्यात स्थिर विजेचा भार असतो. खाली सोडलेली दोरी बोटीला कधीही बांधू नका. विंचचं (माणसाला दोरीने वर ओढणाऱ्या यंत्राचं) दार हेलिकॉप्टरच्या बहुधा उजवीकडे असतं, तेव्हा इंजिन चालू असेल तर वारा डावीकडून, समोरून साधारण ३० अंशांवर घेऊन वेग आणि दिशा कायम ठेवा. मात्र वैमानिक वेगळं सांगेल तर त्याचंच ऐका.