वाचकांचे प्रश्न : फिरत्या वस्तूंचा हिशेब

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे फिरणाऱ्या वस्तूंविषयी आहेत आणि चौघांच्याही शंकेचे मूळ एकच आहे. म्हणून या वेळी इतर प्रश्न बाजूला ठेवून ही चारच पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : नातवंडांना घेऊन मी संध्याकाळी कोथरूडमधल्या आमच्या बागेत जाते. तिथे मुलांचे गोल फिरणारे चक्र आहे. मुले कडेला बसलेली असताना ते संथ फिरते. पण सगळी मुले सरकत मधल्या खांबाशी गोळा झाली की कोणी न ढकलताही ते जोरात फिरू लागते. ऊर्जा निर्माण करता येत नाही असे आम्ही शाळेत शिकलो. मग हा वाढीव वेग येतो कुठून? — एक आजी, कोथरूड

उत्तर : आपण जे पाहिले ते पाहण्याची संधी पुष्कळांना रोज मिळते, परंतु ‘ऊर्जा कुठून आली’ हा पुढचा प्रश्न फार थोडे विचारतात. आपल्या पुस्तकांत यामागच्या कोनीय संवेगाच्या नियमासाठी बर्फावर गिरक्या घेणाऱ्या खेळाडूचे उदाहरण ठरलेले असते. पुण्यातल्या मुलाचा बर्फाशी संबंध गोळ्याच्या गाडीपुरताच येत असल्यामुळे बागेतले चक्र मला त्याहून कितीतरी चांगले उदाहरण वाटते.

सरळ रेषेत जाणाऱ्या वस्तूला जसा संवेग असतो, तसा अक्षाभोवती फिरणाऱ्या वस्तूला कोनीय संवेग असतो. वस्तूच्या एखाद्या कणाचे वस्तुमान, त्याचे अक्षापासूनचे अंतर आणि त्याचा अक्षाभोवतीचा वेग यांचा गुणाकार केला की त्या कणाचा कोनीय संवेग मिळतो. सगळ्या कणांची बेरीज म्हणजे वस्तूचा कोनीय संवेग. यात एक मेख आहे. चक्र ठरावीक गतीने फिरत असताना कडेवरच्या मुलाला एका फेरीत अधिक लांबचा पल्ला कापावा लागतो, म्हणजे त्याचा वेगही अंतराच्या प्रमाणात अधिक असतो. त्यामुळे अंतर हिशेबात दोनदा येते आणि अंतर निम्मे झाले की त्या मुलाचा वाटा चौथा हिस्साच उरतो.

हा कोनीय संवेग बदलायचा असेल तर बाहेरून परिबल लागते. परिबल म्हणजे अक्षापासून काही अंतरावर आडवा लावलेला जोर. दार आपण बिजागरीजवळ न ढकलता कडीजवळ ढकलतो ते याचसाठी. चक्राला बाहेरून कोणी हात लावत नाही आणि खालच्या बेअरिंगचे घर्षण थोडेच आहे, तोवर एकूण कोनीय संवेग आहे तेवढाच राहतो. मुले आत गेल्याने अंतर कमी झाले, म्हणून गती वाढली. इथपर्यंतचे उत्तर कोणत्याही पुस्तकात सापडेल.

आता ऊर्जेकडे वळू. चक्राची तबकडी १०० किलोची, दीड मीटर त्रिज्येची आणि सगळीकडे सारख्या जाडीची आहे असे धरू. तिच्यावर प्रत्येकी ३० किलोची चार मुले अक्षापासून १.४ मीटरवर आहेत आणि सहा सेकंदांत एक फेरी होते आहे. चौघेही अक्षापासून ४० सेंटीमीटरवर आली, तर हिशेबाने एका फेरीला सुमारे २.३ सेकंद लागतात, म्हणजे गती २.६ पटींहून थोडी अधिक होते. गतिज ऊर्जाही त्याच पटीत वाढते : १९१ जूलवरून ती ५०३ जूलवर जाते. हे वाढलेले ३१२ जूल, म्हणजे प्रत्येकी ७८ जूल, मुलांच्या स्नायूंनी पुरवलेले असतात. ३० किलोच्या मुलाने जिन्याची दीड पायरी चढावी तेवढे हे काम आहे.

मुलांना ते काम जाणवते का? नक्कीच जाणवते. कडेला असताना प्रत्येक मुलाला स्वतःला चक्रावर टिकवून धरायला सुमारे ४.७ किलो वजन पेलण्याइतका जोर आतल्या बाजूने लागत होता. खांबाजवळ पोचल्यावर तोच जोर ९ किलोंच्या वर जातो. अशा ओढीच्या विरुद्ध मीटरभर सरकायचे म्हणजे काम करणे आलेच. नातवाला विचारून पाहा. ‘आत जाताना कोणीतरी मागे खेचतंय असं वाटतं’ असेच तो सांगेल.

आणखी एक गंमत आहे. या सगळ्यात मुलांचा स्वतःचा वेग वाढत नाही, तो कमी होतो. कडेला असताना मूल सेकंदाला सुमारे दीड मीटर वेगाने जात होते, खांबापाशी ते १.१ मीटर वेगाने जाते. आत सरकताना मुलाच्या पायांखाली चक्राचा जो भाग येतो तो मुलापेक्षा हळू जात असतो, त्यामुळे मुलाचे पाय त्याला पुढे रेटतात, आणि त्या रेट्याने तबकडी वेग घेते. मुले पुन्हा कडेला गेली की चक्र पूर्वीइतके मंद होते. मात्र स्नायूंनी खर्च केलेली ऊर्जा त्यांना परत मिळत नाही, तिची शरीरात उष्णताच होते. मुलांना घरी आल्यावर भूक लागते त्यात याचाही थोडा वाटा धरायला हरकत नाही.

प्रश्न : कोनीय संवेग नष्ट होत नसेल, तर वीज गेल्यावर पंखा का थांबतो? — एक वाचक, औंध

उत्तर : पंख्याचा संवेग नष्ट होत नाही, तो दुसरीकडे जातो. पात्यांनी ढवळलेली हवा त्यातला काही भाग घेऊन भिंतींवर आणि फर्शीवर आपटते, बेअरिंगच्या घर्षणातून काही भाग रॉडमार्गे छतात जातो, आणि छत व भिंती इमारतीच्या पायातून पृथ्वीला जोडलेल्या असतात. पृथ्वीपुढे हा आकडा इतका क्षुल्लक आहे की तो मोजण्याचा विचारही करू नये. शिवाय बटण दाबून पंखा सुरू केला तेव्हा पृथ्वीला नेमका तेवढाच कोनीय संवेग उलट दिशेने मिळालेला असतो. पंखा थांबताना त्याची फेड होते, इतकेच.

सुरू होतानाची ही उलटी बाजू मला घरी पाहायला मिळाली. आमच्या बैठकीतल्या पंख्याच्या रॉडचा स्क्रू ढिला झाला होता आणि त्यातून जाणारी पिन बसवायची राहिली होती. दर वेळी बटण दाबले की पाती एका बाजूला निघत आणि वरची वाटी रॉडसकट किंचित उलटीकडे वळे. मोटरचा आतला भाग पात्यांना ज्या परिबलाने ढकलतो, त्याच परिबलाने तो स्वतः मागे ढकलला जातो; स्क्रू आणि पिन यांचे काम ते परिबल छतापर्यंत पोचवण्याचे. तसे होत नसल्यास पंखा ताबडतोब बंद करून दुरुस्त करून घ्यावा, कारण असाच वळत वळत रॉड आट्यांतून सुटू शकतो. हेलिकॉप्टरला तर छतच नसते, म्हणून त्याच्या शेपटीवर आडवा छोटा पंखा बसवावा लागतो. नाहीतर मोठी पाती एकीकडे आणि सांगाडा दुसरीकडे फिरू लागेल.

याच प्रकारची देवघेव पृथ्वी आणि चंद्र यांच्यातही चालू आहे. भरती-ओहोटीमुळे पृथ्वीचे स्वतःभोवतीचे फिरणे अत्यंत सावकाश मंदावते आहे आणि तिने गमावलेला कोनीय संवेग चंद्राच्या कक्षेत जमा होतो, त्यामुळे चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटर दूर जातो. १९६९ पासून चांद्रवीरांनी तिथे ठेवलेल्या आरशांवर लेझर किरण पाठवून हे अंतर मोजले जाते.

प्रश्न : महाविद्यालयाच्या सहलीत आम्ही खोडदची रेडिओ दुर्बीण पाहिली. एखादा स्पंदक सेकंदाला तीस फेऱ्या घेतो असे तिथे ऐकले. ताऱ्याएवढी प्रचंड वस्तू इतकी वेगाने कशी फिरू शकते? — एक विद्यार्थिनी, डेक्कन जिमखाना

उत्तर : नारायणगावजवळच्या खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, आणि त्या ज्या स्पंदकांचे, म्हणजे पल्सारचे, संदेश टिपतात ते मुळात प्रचंड नसतातच. स्पंदक हा न्यूट्रॉन तारा असतो. त्याचे वस्तुमान सूर्याहून अधिक असले तरी त्रिज्या दहा-बारा किलोमीटरच असते. कोथरूड ते हडपसर अंतराहून त्याचा व्यास फार मोठा नाही, असे म्हणता येईल. मोठ्या ताऱ्याचे इंधन संपले की त्याचा गाभा स्वतःच्याच वजनाने कोसळतो आणि असा तारा उरतो. बागेतली मुले मीटरभर आत सरकली होती. इथे ताऱ्याचे द्रव्य हजारो किलोमीटर आत जाते.

सोपा हिशेब करून पाहा. सूर्याची त्रिज्या सुमारे सात लाख किलोमीटर आहे आणि त्याची एक फेरी साधारण २५ दिवसांत होते. (सूर्य कधीच न्यूट्रॉन तारा होणार नाही, तेवढे वस्तुमान त्याच्याकडे नाही, तो इथे केवळ आकड्यांसाठी घेतला आहे.) कोनीय संवेग तोच ठेवून त्याला १० किलोमीटर त्रिज्येपर्यंत दाबले, तर त्रिज्या ७०,००० पटींनी घटते, आणि अंतर दोनदा येत असल्यामुळे गती सुमारे ४९० कोटी पटींनी वाढते. पंचवीस दिवसांची फेरी सेकंदाच्या दोन हजारांशाहून कमी वेळात होऊ लागते, म्हणजे सेकंदाला सव्वादोन हजार फेऱ्या.

तेव्हा विचारायचे ते असे की स्पंदक फक्त तीसच फेऱ्या का घेतो. सव्वादोन हजार फेऱ्यांना तर सूर्याएवढ्या वस्तुमानाचे गुरुत्वाकर्षण विषुववृत्तावरचे द्रव्य धरूनही ठेवू शकणार नाही. खरे कारण असे की कोसळतो तो सबंध तारा नसून फक्त गाभा, जो आधीच आटोपशीर असतो. आणि कोसळण्यापूर्वीच्या लाखो वर्षांत या गाभ्याने आपला बराचसा कोनीय संवेग बाहेरच्या थरांना देऊन टाकलेला असतो. आपण ऐकलात तो बहुधा खेकडा तेजोमेघातला स्पंदक असावा. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या ताऱ्याच्या स्फोटातून तो उरला आणि १९६८ मध्ये सापडला. तो एका फेरीला सुमारे ३३ मिलिसेकंद घेतो, आणि हा काळ दररोज सुमारे ३६ नॅनोसेकंदांनी वाढतो, कारण फिरते चुंबकीय क्षेत्र आणि त्यातून सुटणारे कण संवेग बाहेर वाहून नेतात. पंख्याभोवती हवा असते, इथे ते काम चुंबकीय क्षेत्र करते. याउलट काही म्हाताऱ्या स्पंदकांना जोडीदार ताऱ्याकडून खेचलेल्या द्रव्यातून संवेग मिळत राहतो. माहीत असलेला सर्वांत वेगवान स्पंदक सेकंदाला ७१६ फेऱ्या घेतो.

प्रश्न : मी रोज सिंहगड रस्त्याने सायकलवर ये-जा करतो. चाकांच्या कोनीय संवेगामुळे सायकल पडत नाही, हे खरे का? — एक सायकलस्वार, धायरी

उत्तर : पुण्यात सायकलबद्दल अधिकाराने न बोलणारा माणूस विरळा, आणि हे विधान त्या बोलण्यात हमखास येते, पण ते फारसे खरे नाही. १९७० साली डेव्हिड जोन्स यांनी सायकलच्या पुढच्या चाकाशेजारी, जमिनीला न टेकणारे आणि उलटे फिरणारे दुसरे चाक बसवले. दोन्ही चाकांचे कोनीय संवेग एकमेकांना खोडून काढत होते, तरीही हँडल धरून ती सायकल त्यांना सहज चालवता आली. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल वळते किंवा आपण नकळत वळवतो, आणि चाके पुन्हा भाराखाली येतात. तोल राहतो तो मुख्यतः यामुळे. चाकाचा संवेग हँडलच्या या वळण्याला हातभार लावतो, विशेषतः हात सोडून चालवताना, पण त्याच्याशिवाय अडत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातली छोटी दुचाकी तर चाकांचा हा परिणाम खोडूनही, स्वाराविना, स्वतःच तोल सावरत पुढे गेली.

चाकाचा संवेग खरोखर पाहायचा असेल, तर पुढचे चाक काढा आणि त्याच्या आसाच्या एका टोकाला मजबूत दोरी बांधून ते गॅलरीच्या गजाला टांगा. न फिरणारे चाक आडवे लोंबेल. मग दुसरे टोक हाताने उचलून आस आडवा धरा, चाक जोरात फिरवा आणि हात सोडा. चाक खाली पडणार नाही. आस जवळजवळ आडवाच राहून दोरीभोवती संथपणे गोल फिरू लागेल. कोनीय संवेगाला दिशाही असते आणि ती आसाच्या रेषेत असते. वजनाचे परिबल त्या दिशेला आडवे असल्यामुळे ते आसाची दिशा बाजूला वळवत राहते. चाक मंदावत गेले की ही गोल फेरी उलट जलद होत जाते आणि मग आस हळूहळू झुकतो. हात सोडताना बोटे तेवढी तारांपासून लांब ठेवा.